विश्लेषण : परग्रहवासी असतील, तर अजून आले का नाहीत? पहिली अणुभट्टी उभारणाऱ्या एन्रिको फर्मी यांच्या प्रश्नाची गोष्ट

उडत्या तबकड्यांचे व्हिडीओ मोबाइलवर सतत फिरत असतात. काही दिवस चर्चा होते आणि मग तो ड्रोन निघतो किंवा उपग्रहांची माळ. व्हिडीओ खोटा असला तरी त्यामागचा प्रश्न खरा आहे. आपल्या आकाशगंगेत किमान १०,००० कोटी तारे आहेत. इतक्या ताऱ्यांमध्ये बुद्धिमान जीव फक्त पृथ्वीवरच असतील का? आणि इतरत्रही असतील, तर त्यांच्यापैकी कोणीच इकडे कसे फिरकले नाही?

हा प्रश्न १९५०च्या उन्हाळ्यात एन्रिको फर्मी या शास्त्रज्ञाने जेवणाच्या टेबलावर विचारला. आज तो ‘फर्मी विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. फर्मी हे खगोलशास्त्रज्ञ नव्हते. ते अणुविज्ञानातले होते, आणि त्यांच्या प्रश्नाचे वजन समजून घ्यायचे तर त्यांचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

चिंचणी-तारापूरशी त्यांचा संबंध काय?

डहाणू तालुक्यातली चिंचणी आणि पालघर तालुक्यातले तारापूर यांच्यामध्ये फक्त एक खाडी आहे. तारापूरच्या बाजूला, समुद्रालगत देशातले पहिले अणुवीज केंद्र आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे व्यावसायिक वीजउत्पादन ऑक्टोबर १९६९मध्ये सुरू झाले. २००५ आणि २००६मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्यांची भर पडली.

या अणुभट्ट्यांच्या पोटात जी साखळी प्रक्रिया चालते, ती जगात पहिल्यांदा नियंत्रणात ठेवून चालवली ती फर्मी यांच्या चमूने. आणखी एक धागा आहे. तारापूरचा प्रकल्प ज्यांच्या पुढाकाराने आला ते डॉ. होमी भाभा १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजची प्रवासवृत्ती घेऊन युरोपात फिरत होते. त्या काळात ते काही दिवस रोममध्ये फर्मी यांच्याकडेही होते. तारापूर सुरू झालेले पाहायला मात्र भाभा राहिले नाहीत. जानेवारी १९६६मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

फर्मी कोण होते?

एन्रिको फर्मी यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोममध्ये झाला. वडील रेल्वे खात्यात नोकरीला, आई शिक्षिका. घरात तीन भावंडे. एन्रिको आणि त्यांच्याहून वर्षाने मोठा भाऊ ज्युलिओ यांची जोडी घट्ट होती. दोघे मिळून विजेच्या मोटारी आणि खेळणी बनवत. जानेवारी १९१५मध्ये घशाच्या एका किरकोळ शस्त्रक्रियेदरम्यान ज्युलिओचा मृत्यू झाला. तेव्हा एन्रिको १३ वर्षांचे होते.

एकटा पडलेला हा मुलगा पुस्तकांकडे वळला. रोमच्या जुन्या बाजारात त्याला भौतिकशास्त्राचा लॅटिन भाषेतला जाडजूड ग्रंथ मिळाला. तो त्याने वाचून काढला. वडिलांचे सहकारी असलेल्या एका इंजिनीअरने मुलाची चमक ओळखली आणि गणिताची एकेक पुस्तके त्याला वाचायला दिली. १९१८मध्ये पिसाच्या नामांकित संस्थेच्या प्रवेश परीक्षेत त्याने ध्वनीवर लिहिलेला निबंध पाहून परीक्षक चकित झाले. तो पदवीच्याही पुढच्या पातळीचा होता. १९२२मध्ये डॉक्टरेट आणि पंचविशीत रोम विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद, असा हा वेग होता.

न्यूट्रॉन मंद करण्याचा शोध का महत्त्वाचा?

१९३४मध्ये फर्मी आणि त्यांचे तरुण सहकारी एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनचा मारा करत होते. २२ ऑक्टोबरला त्यांनी न्यूट्रॉनच्या वाटेत मेणाचा ठोकळा ठेवला आणि परिणाम एकदम कित्येक पटींनी वाढला. मेणात हायड्रोजन भरपूर असतो. हायड्रोजनचा केंद्रक आणि न्यूट्रॉन यांचे वजन जवळपास सारखे. कॅरममध्ये एक सोंगटी दुसरीवर आदळली की पहिलीचा वेग कमी होतो, तसेच इथे होते. मंद झालेला न्यूट्रॉन अणूच्या जवळ जास्त वेळ रेंगाळतो, त्यामुळे पकडला जाण्याची शक्यता वाढते. मेणाऐवजी पाणी चालते का, हे पाहायला त्यांनी संस्थेच्या बागेतले कारंज्याचे हौद वापरले. पाणीही चालले.

तारापूरच्या अणुभट्ट्यांत आजही हेच तत्त्व आहे. पहिल्या दोन भट्ट्यांत न्यूट्रॉन मंद करायला साधे पाणी वापरले जाते, तर नंतरच्या दोन भट्ट्यांत जड पाणी.

याच प्रयोगांत एक मोठा शोध मात्र हातातून निसटला. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडल्यावर नवी, अधिक जड मूलद्रव्ये तयार झाली असा फर्मी यांचा समज झाला. प्रत्यक्षात युरेनियमचा अणू दुभंगत होता. हे उघड व्हायला डिसेंबर १९३८ उजाडला आणि तो शोध बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांच्या प्रयोगातून लागला. मधली चार वर्षे हे गुपित उघडले असते तर हिटलरच्या जर्मनीला किती मोठी आघाडी मिळाली असती, याची चर्चा इतिहासकार आजही करतात.

इटली का सोडली?

फर्मी यांच्या पत्नी लॉरा ज्यू होत्या. १९३८मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरोधी कायदे आणले. त्याच वर्षी फर्मी यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. डिसेंबरमध्ये पत्नी आणि दोन मुलांना घेऊन ते पारितोषिक स्वीकारायला स्टॉकहोमला गेले आणि तिथून रोमला परतलेच नाहीत. २ जानेवारी १९३९ रोजी त्यांचे जहाज न्यूयॉर्कला लागले. काही दिवसांतच अणू दुभंगल्याची बातमी अमेरिकेत पोहोचली आणि आपण कशाच्या उंबरठ्यावर होतो, हे त्यांच्या लक्षात आले.

स्क्वॅश कोर्टवर काय घडले?

युरेनियमचा एक अणू दुभंगला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यातला किमान एक पुढचा अणू फोडू शकला तर प्रक्रिया आपोआप चालू राहते. हीच साखळी प्रक्रिया. शिकागो विद्यापीठाच्या मैदानातल्या प्रेक्षक गॅलरीखालच्या स्क्वॅश कोर्टवर फर्मी यांच्या चमूने ग्राफाइटचे सुमारे ४० हजार ठोकळे एकावर एक रचले आणि त्यांत युरेनियम ठेवले. न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या हा त्यांचा ब्रेक.

२ डिसेंबर १९४२ रोजी सकाळपासून एक कांडी इंच-इंच बाहेर काढली जात होती. प्रत्येक टप्प्यावर आकडा कुठे जाऊन थांबेल हे फर्मी आधी हिशेब करून सांगत आणि काटा तिथेच थांबे. दुपारी सगळे ताणात असताना त्यांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. जेवून आल्यावर, साडेतीनच्या सुमारास, साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर सुरू झाली. काही मिनिटांनी त्यांनी ती बंद करायला लावली. निर्माण झालेली शक्ती होती अवघी अर्धा वॅट, म्हणजे एक लहान बल्बही पेटणार नाही इतकी. तारापूरची ५४० मेगावॉटची एक भट्टी त्याच्या १०० कोटी पटींहून अधिक वीज देते.

मग बॉम्बचे काय?

फर्मी यांच्या आयुष्याचा हा भाग टाळता येत नाही. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली अणुस्फोट चाचणी झाली. धक्क्याची लाट येताच फर्मी यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले आणि ते किती लांब उडाले यावरून स्फोटाची शक्ती अंदाजली : १० हजार टन टीएनटी. नंतरच्या मोजणीत ती साधारण दुप्पट निघाली. कागदाच्या कपट्यांवरून काढलेला अंदाज म्हणून तो थक्क करणारा होता.

त्याच्या महिनाभर आधी चार शास्त्रज्ञांच्या समितीने सरकारला सल्ला दिला होता, की नुसते प्रात्यक्षिक दाखवून युद्ध थांबेल असे आम्हाला वाटत नाही आणि प्रत्यक्ष लष्करी वापराला स्वीकारार्ह पर्याय दिसत नाही. त्या चौघांत फर्मी होते. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाले.

१९४९मध्ये हायड्रोजन बॉम्बचा प्रश्न आला तेव्हा फर्मी आणि इसिडोर राबी यांनी वेगळे टिपण लिहून त्याला नैतिक आधारावर विरोध केला. या अस्त्राच्या विनाशाला मर्यादाच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पण जानेवारी १९५०मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी हे काम पुढे नेण्याचा निर्णय घेतला. त्या उन्हाळ्यात फर्मी पुन्हा लॉस अलामॉसला गेले आणि त्याच बॉम्बच्या गणितांवर त्यांनी काम केले. तो प्रसिद्ध प्रश्न याच उन्हाळ्यातला आहे.

जेवणाच्या टेबलावर नेमके काय झाले?

त्या काळात अमेरिकेत उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांना ऊत आला होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधल्या कचऱ्याच्या डब्यांची चोरी होत होती. एका साप्ताहिकाने दोन्ही बातम्या एकत्र करून व्यंगचित्र छापले : परग्रहवासी तबकडीतून उतरून कचऱ्याचे डबे पळवत आहेत. एडवर्ड टेलर, एमिल कोनोपिन्स्की आणि हर्बर्ट यॉर्क यांच्याबरोबर जेवायला जाताना फर्मी यांनी गंमत केली, की हा सिद्धांत उत्तम आहे, एकाच फटक्यात दोन कोडी सुटतात. मग प्रकाशापेक्षा वेगाने प्रवास शक्य होईल का, यावर थोडी चर्चा झाली आणि विषय बदलला.

जेवण सुरू असताना फर्मी यांनी मध्येच विचारले, की मग ते सगळे आहेत तरी कुठे? संदर्भ न देताही सगळ्यांना कळले की ते परग्रहवासीयांबद्दल बोलत आहेत आणि टेबलावर हशा पिकला. या प्रसंगाची त्या वेळी कोणी नोंद केली नाही. लॉस अलामॉसच्या एरिक जोन्स यांनी हयात असलेल्या तिघांना पत्रे लिहून गोळा केलेल्या आठवणी १९८५मध्ये प्रसिद्ध केल्या, त्यातून तो आपल्यापर्यंत आला.

यात विरोधाभास कुठे आहे?

थोड्या माहितीवरून आडाख्याने उत्तर काढणे ही फर्मी यांची खासियत होती. एक उदाहरण पाहू. समजा, १५ हजार वस्तीच्या गावात केस कापणारे कारागीर किती असतील? निम्मे पुरुष धरले तर साडेसात हजार. प्रत्येक जण महिन्यातून एकदा केस कापतो. एक कारागीर दिवसाला १२ जणांचे केस कापतो आणि महिन्यात २५ दिवस काम करतो, म्हणजे ३०० जण. साडेसात हजाराला ३००ने भागले की २५. उत्तर अगदी अचूक नसेल, पण ते दोन किंवा दोनशे नाही हे नक्की.

हीच पद्धत आकाशगंगेला लावू. आकाशगंगा साधारण एक लाख प्रकाशवर्षे रुंद आहे. प्रकाशाच्या वेगाच्या फक्त एक टक्का वेगाने गेले तरी ती एक कोटी वर्षांत ओलांडता येते. वाटेत ताऱ्या-ताऱ्यावर मुक्काम केला, तरी काही कोटी वर्षे पुरतील. आकाशगंगेचे वय मात्र १,००० कोटी वर्षांहून अधिक आहे. म्हणजे आपल्या आधी एक जरी प्रवासी संस्कृती उदयाला आली असती, तर सगळीकडे पसरायला तिच्याकडे वेळच वेळ होता.

पृथ्वीवर असे घडलेले आपल्याच किनाऱ्यावर दिसते. जहाजे बांधता येऊ लागल्यावर माणसे समुद्र ओलांडून सर्वदूर पोहोचली. पारशी परंपरेनुसार त्यांचे पूर्वज तलासरीपलीकडच्या संजाणला उतरले. चिंचणीत सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६च्या ताम्रपटात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण परिसराचा कारभार पाहणाऱ्या मधुमती या अरब अधिकाऱ्याची नोंद आहे. समुद्रापलीकडून माणसे आली आणि हजार वर्षांनंतरही पुरावा शिल्लक राहिला. आकाशातून आलेल्यांचा असा एकही ताम्रपट आजवर सापडलेला नाही. ‘नासा’ने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटानेही २०२३मध्ये हेच सांगितले : आकाशातल्या अनाकलनीय घटना परग्रहवासीयांच्या असल्याचा पुरावा नाही.

परग्रहवासी नाहीतच, असे फर्मी म्हणाले का?

नाही. हा सर्वाधिक पसरलेला गैरसमज आहे. इतक्या वर्षांत कोणी आले नाही म्हणजे कोणी नाहीच, हा युक्तिवाद मायकेल हार्ट यांनी १९७५मध्ये आणि फ्रँक टिपलर यांनी १९८०मध्ये मांडला. यॉर्क यांच्या आठवणीनुसार फर्मी यांनी जेवणाच्या टेबलावर तीन शक्यता बोलून दाखवल्या. ताऱ्यांमधला प्रवास अशक्य असेल. किंवा शक्य असला तरी तेवढा खटाटोप कोणाला परवडत नसेल. किंवा तंत्रज्ञानापर्यंत पोहोचलेली संस्कृती तेवढा काळ टिकतच नसेल.

पहिल्या दोन शक्यतांना आधार आहे. ‘व्हॉयेजर १’ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर चालले आहे. या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याइतके अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. तिसरी शक्यता मात्र जास्त अस्वस्थ करते. ती सांगणारा माणूस त्या दिवसांत हायड्रोजन बॉम्बचे गणित करत होता.

संस्कृती किती टिकते, यावर सगळे का अवलंबून?

१९६०मध्ये फ्रँक ड्रेक यांनी रेडिओ दुर्बिणीने दोन ताऱ्यांकडून संदेश येतो का हे ऐकले. काही ऐकू आले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी एक समीकरण मांडले. तारे किती जन्मतात, त्यातल्या कितींना ग्रह असतात, कितींवर जीव, कितींवर बुद्धी, कितींकडे तंत्रज्ञान आणि शेवटी ती संस्कृती किती वर्षे टिकते, असे आकडे त्यात एकमेकांना गुणले जातात. ग्रहांचा आकडा आता बऱ्यापैकी कळला आहे. सूर्याबाहेरच्या ताऱ्यांभोवतीचे सुमारे सहा हजार ग्रह सापडले आहेत. जीव किती सहज निर्माण होतो आणि संस्कृती किती टिकते, हे आकडे मात्र अंधारातच आहेत.

फक्त शेवटचा आकडा बदलून पाहू. समजा, आकाशगंगेत दरवर्षी एक नवी तंत्रज्ञानी संस्कृती उदयाला येते. हे गृहीतक उदारच आहे. प्रत्येक संस्कृती १०० वर्षे टिकली, तर एका वेळी फक्त १०० संस्कृती असतील. त्यांच्यातले अंतर हजारो प्रकाशवर्षांचे होईल. एकीचा निरोप दुसरीला पोहोचेपर्यंत पाठवणारी संपलेली असेल. पण प्रत्येक संस्कृती १० लाख वर्षे टिकली, तर एका वेळी १० लाख संस्कृती असतील आणि शेजारी काहीशे प्रकाशवर्षांवर सापडेल. म्हणजे ‘ते आहेत का’ आणि ‘ते आपल्या काळात आहेत का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर आयुर्मानावर ठरते. माणसाचे रेडिओ प्रसारण जेमतेम शंभर वर्षांचे आहे आणि अणुशक्ती त्याहून लहान.

आपण पुरेसे शोधले आहे का?

अजून नाही. आजवर तपासलेले आकाश म्हणजे समुद्रातून उचललेला एक पेला, अशी तुलना खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांनी केली होती. २०१८मध्ये नव्याने झालेल्या हिशेबात पेल्याच्या जागी एक मोठा हौद आला. समुद्र तसाच आहे. चिंचणीच्या किनाऱ्यावर घागर बुडवून तिच्यात मासा नाही म्हणून समुद्रात मासे नाहीत, असे कोणताही मच्छीमार म्हणणार नाही.

ऐकण्याची क्षमता महाराष्ट्रातही आहे. भाभांनी स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जुन्नर तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारली. ऑक्टोबर २०१६मध्ये मंगळावर उतरणाऱ्या ‘स्कियापारेल्ली’ यानाचा क्षीण सिग्नल तिने पकडला होता.

फर्मी यांचा शेवट कसा झाला?

एप्रिल १९५४मध्ये रॉबर्ट ओपेनहायमर यांच्या निष्ठेवर संशय घेणारी चौकशी झाली, तेव्हा फर्मी यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. त्याच वर्षी शरद ऋतूत त्यांना पोटाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. रुग्णालयात भेटायला गेलेले जुने सहकारी एमिलिओ सेग्रे यांनी पाहिले, की फर्मी नळीतून पडणारे थेंब मोजत आहेत आणि घड्याळ लावून प्रवाहाचा वेग काढत आहेत. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. वय ५३.

पुढच्या वर्षी १००व्या मूलद्रव्याला ‘फर्मियम’ हे नाव देण्यात आले. ते पहिल्यांदा सापडले होते १९५२च्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीच्या अवशेषांत, म्हणजे ज्या अस्त्राला त्यांनी विरोध केला त्याच्याच राखेत.

थोडक्यात काय?

बुद्धिमान परग्रहवासी असण्याची शक्यता किती, याचे ठाम उत्तर आज कोणाकडेही नाही. आपण एकटे असू शकतो, किंवा शेजारी फार दूर असू शकतात, किंवा ते येऊन संपलेही असतील. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तंत्रज्ञान मिळाल्यावर संस्कृती किती टिकते, या आकड्यासाठी मात्र आपल्याकडे एकच नमुना आहे आणि तो आपण स्वतः आहोत.

अणुभट्टीत तयार होणाऱ्या प्लुटोनियम-२३९ची मात्रा निम्मी व्हायला सुमारे २४ हजार वर्षे लागतात. ते सांभाळायचे तर तेवढा काळ सांभाळणारे कोणीतरी लागेल. अर्ध्या वॅटपासून सुरू झालेली ती प्रक्रिया खाडीपलीकडे वीज बनवते आणि तीच प्रक्रिया बॉम्बमध्येही आहे. फर्मी यांना या दोन्ही बाजू माहीत होत्या. म्हणूनच त्यांचा प्रश्न आकाशाकडे पाहून विचारलेला असला, तरी त्याच्या उत्तराचा काही भाग जमिनीवरच ठरणार आहे.